ऑक्सिजन लागतो, तरी विमानप्रवास करता येतो का? आणि रोजचं चालणं-फिरणं?

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आता कुठे जाणं-येणं नको." नातवाचं बारसं पुण्यात असतं, मुलगी दुबईत किंवा अमेरिकेत असते, पण आई किंवा वडील नाकात नळी लावून खाटेवर बसून राहतात. काही जणांच्या बाबतीत डॉक्टरांनीच प्रवास बंद केलेला असतो. अनेकांच्या बाबतीत मात्र तसं काही झालेलं नसतं. कुणी विचारलेलंच नसतं.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं धावडा हे गाव उदाहरणादाखल घेऊ. इथल्या एखाद्या रुग्णाला विमानाने मुंबईला जायचं असेल, तर आधी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापर्यंत रस्त्याने जावं लागतं. पुढे विमानात तासभर आणि मुंबईत उतरल्यावर पुन्हा गाडी. या सगळ्या वेळेत ऑक्सिजन कुठून येणार, किती लागणार, कोणती परवानगी लागणार आणि मुळात हा प्रवास त्या रुग्णाला झेपणार का, हे प्रश्न सोडवावे लागतात. त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

थोडक्यात

- ऑक्सिजन लागणारे अनेक रुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्याने विमानप्रवास करू शकतात.
- विमानात साधारणपणे बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, म्हणजे पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतं. घरचा सिलिंडर बहुतेक विमान कंपन्या नेऊ देत नाहीत.
- मशीनवरचा आकडा म्हणजे लिटर नव्हे. प्रवासाआधी चालताना आणि झोपेत त्याच मशीनवर ऑक्सिजनची पातळी तपासून घ्यावी.
- बॅटरीचा हिशोब फक्त उड्डाणाच्या वेळेचा करू नये. घराच्या उंबऱ्यापासून पोहोचण्याच्या ठिकाणापर्यंतचा करावा.
- प्रवास असो वा नसो, रोज थोडं चालणं हा उपचाराचाच भाग आहे.

घरी ऑक्सिजन नेमका कुणाला लागतो?

दम लागतो म्हणून ऑक्सिजन, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दम लागणं आणि रक्तातला ऑक्सिजन कमी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खूप दम लागणाऱ्याचा ऑक्सिजन ९६ टक्के असू शकतो आणि शांत बसलेल्याचा ८५.

साधारणपणे आजार स्थिर असताना, विश्रांतीच्या अवस्थेत, ऑक्सिजनची पातळी ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल तर डॉक्टर घरी दीर्घकाळ ऑक्सिजन घेण्याचा सल्ला देतात. शक्य तिथे धमनीतल्या रक्ताची तपासणी करून हे पक्कं केलं जातं. या उपचाराचा पाया घातला तो १९८० साली अमेरिकेत आणि १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी. सीओपीडी या आजारात ऑक्सिजन खूप कमी असलेल्या रुग्णांनी दिवसातून १५ तास किंवा त्याहून जास्त वेळ ऑक्सिजन घेतला तर आयुष्य वाढतं, हे त्यांतून दिसलं. उलट २०१६ साली अमेरिकेत ७३८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांचा ऑक्सिजन थोडाच कमी होता त्यांना कायम ऑक्सिजन देऊन विशेष फायदा झाला नाही. म्हणून "थोडा दम लागतो, एक मशीन घेऊन टाकू" असा निर्णय घरच्या घरी घेऊ नये.

ग्रामीण महाराष्ट्रात या रुग्णांमध्ये आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बायकाही असतात. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून घेतलेला धूर फुप्फुसं निकामी करतो. पुण्यातले संशोधक डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनमधले पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीवर लेख लिहून या प्रश्नाकडे लक्ष वेधलं होतं. क्षयरोग बरा झाल्यावर उरलेली फुप्फुसांची हानी, फुप्फुसं कडक होण्याचा आजार, जुना दमा ही इतर कारणं आहेत.

विमानात त्रास का वाढतो?

विमान ३५ हजार फुटांवरून उडतं, पण आतला दाब जमिनीइतका ठेवलेला नसतो. केबिनमधली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवर असते तितकी विरळ होऊ दिली जाते.

ही उंची किती? महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे. म्हणजे विमानात बसलेला माणूस महाराष्ट्रातल्या कोणत्याही डोंगरापेक्षा उंच ठिकाणची हवा घेत असतो, तीही अर्ध्या तासात तिथे पोहोचून.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण दाब कमी झाल्यामुळे शरीराला तो जमिनीवरच्या १५ टक्क्यांइतकाच मिळतो. निरोगी माणसाची पातळीही अशा वेळी नव्वदीच्या सुरुवातीच्या आकड्यांपर्यंत उतरू शकते. त्याला ते जाणवतही नाही. पण जो जमिनीवरच ९० वर आहे, त्याला उतरायला जागाच उरलेली नसते.

दाब कमी झाला की बंद जागेतली हवा फुगते. विमानात चिप्सचं पाकीट फुगलेलं दिसतं ते यामुळेच. फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असतील किंवा फुप्फुसाबाहेर छातीत हवा अडकलेली असेल, तर तिथेही हेच घडतं. म्हणून काही रुग्णांना ऑक्सिजन सोबत असला तरी विमानात बसता येत नाही.

कोणतं मशीन विमानात चालतं?

*घरचं मोठं कॉन्सन्ट्रेटर.* २०२१ मधल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अनेक घरांत ५ लिटरची मशीन आली. ती साधारण १५ किलोच्या आसपास असतात आणि विजेवर चालतात. विमानात ती वापरता येत नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी मात्र असं मशीन भाड्याने घेऊन ठेवलं तर उपयोगी पडतं.

*सिलिंडर.* दाबाखाली भरलेला वायू धोकादायक सामानात मोडतो. आंतरराष्ट्रीय नियमांत ५ किलोपर्यंतच्या छोट्या वैद्यकीय सिलिंडरची तरतूद आहे, पण त्याला विमान कंपनीची परवानगी लागते आणि बहुतेक कंपन्या ती देत नाहीत. द्रवरूप ऑक्सिजन तर पूर्ण वर्ज्य. काही कंपन्या आधी कळवल्यास शुल्क घेऊन स्वतःचा सिलिंडर विमानात पुरवतात. सगळ्या पुरवत नाहीत, म्हणून तिकीट काढण्याआधी विचारावं.

*पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर.* हे मशीन ऑक्सिजन साठवत नाही. ते आजूबाजूची हवा आत ओढतं, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमध्ये नायट्रोजन अडकवतं आणि साधारण ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध ऑक्सिजन नळीतून सोडतं. आत दाबाखालचा साठा नसल्यामुळेच ते विमानात चालतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००५ साली अशा पहिल्या दोन मशीनना विमानात परवानगी दिली. २०१६ साली एकेका मॉडेलची यादी काढण्याची पद्धत संपून ठरावीक निकष आले. हे निकष पूर्ण करणाऱ्या मशीनवर तसं लिहिलेलं असतं. घेताना ते लिहिलेलं आहे का, हे पाहून घ्यावं.

ही मशीन महाग असतात. मोठ्या शहरांत ती भाड्यानेही मिळतात. एकाच प्रवासासाठी हवं असेल तर भाड्याचा पर्याय आधी तपासावा, पण ते प्रवासाच्या किमान आठवडाभर आधी हातात असावं. का, ते पुढे.

'सेटिंग २' म्हणजे २ लिटर नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

घरचं मोठं मशीन २ वर ठेवलं की मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन सतत वाहत राहतो. श्वास सोडतानाही तो वाहतोच, तेवढा वाया जातो. हलकी पोर्टेबल मशीन, साधारण २ ते ३ किलोची, वेगळ्या पद्धतीने चालतात. रुग्णाने श्वास आत ओढायला सुरुवात केली की मशीन ते ओळखतं आणि त्या क्षणी एक छोटा झोत सोडतं. याला 'पल्स' पद्धत म्हणतात. वाया काही जात नाही, म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये काम भागतं. काही मशीनमध्ये सेटिंग २ वर मिनिटाला साधारण ४०० मिलिलिटरच ऑक्सिजन तयार होतो.

ही पद्धत अनेकांना पुरते, पण तिच्या तीन मर्यादा आहेत.

१. चालताना: अनेक मशीनमध्ये मिनिटाला मिळणारा एकूण ऑक्सिजन ठरलेला असतो. श्वास भरभर सुरू झाला की प्रत्येक झोत लहान होतो. नेमकी गरज वाढते तेव्हाच वाटा कमी होतो.

२. झोपेत: श्वास उथळ झाला किंवा तोंडाने श्वास सुरू झाला तर मशीनला तो कळत नाही आणि झोत सुटत नाही. लांबच्या रात्रीच्या विमानात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

३. जास्त गरज असलेल्यांना: घरी ४-५ लिटर लागणाऱ्याला छोटं मशीन पुरेलच असं नाही. सतत प्रवाह देणारी पोर्टेबल मशीन मिळतात, पण ती जड असतात आणि त्यांची बॅटरी लवकर उतरते.

म्हणून दुकानदाराने किंवा जाहिरातीने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. त्याच मशीनवर बसून, चालून आणि झोपून बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहावं. सीओपीडीच्या अनेक रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ टक्के हे लक्ष्य ठरवतात. त्यांच्यात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. पातळी कमी वाटली म्हणून घरच्यांनी आपल्या मनाने आकडा वाढवत नेऊ नये.

ऑक्सिमीटरही चुकतो. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश लावलं असेल तर आकडा फसवा येतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली दिला होता. एका आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांची नोंद जास्त खरी.

विमानात बसण्याआधी कोणती तपासणी?

छातीरोगतज्ज्ञांकडे प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी जावं. धावडा परिसरातल्या रुग्णांना यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. डॉक्टर साधारणपणे या गोष्टी पाहतात: सध्याची ऑक्सिजनची पातळी, स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, छातीचा एक्स-रे, हृदयाची स्थिती आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी.

शंका असेल तर 'हायपॉक्सिक चॅलेंज' नावाची चाचणी असते. यात रुग्णाला सुमारे २० मिनिटं १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा दिली जाते, म्हणजे विमानातली स्थिती जमिनीवरच निर्माण केली जाते. पातळी ८५ टक्क्यांखाली गेली तर विमानात ऑक्सिजन लागणार, असं ब्रिटनच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मानलं गेलं आहे. ही चाचणी मोजक्याच ठिकाणी होते. जे आधीच ऑक्सिजनवर आहेत, त्यांच्यासाठी विमानातलं सेटिंग किती वाढवायचं हे डॉक्टर ठरवून देतात. ते चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

कुणी विमानात बसू नये?

- छातीत हवा साठली असेल आणि फुप्फुस अजून पूर्ण फुललेलं नसेल तर. बरं झाल्याचं एक्स-रेमध्ये दिसल्यावरही काही दिवस थांबावं लागतं.
- थुंकीतून जास्त रक्त जात असेल तर.
- क्षयरोग संसर्गजन्य अवस्थेत असेल तर.
- जमिनीवरच मिनिटाला ४ लिटरपेक्षा जास्त ऑक्सिजन लागत असेल तर.
- आजार नुकताच उसळला असेल, ताप किंवा न्यूमोनिया असेल तर.

अशा वेळी प्रवास पुढे ढकलणं किंवा दुसरा मार्ग शोधणं हेच शहाणपणाचं.

तिकीट काढण्यापासून विमानात चढेपर्यंत

१. तिकीट काढण्याआधी कंपनीला मशीनचं नाव आणि मॉडेल सांगून ते चालेल का हे विचारावं. उत्तर ईमेलवर घ्यावं. फोनवरचं "चालेल" काउंटरवर उपयोगी पडत नाही.

२. 'मेडिफ' नावाचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तो डॉक्टरांनी भरायचा असतो. तो प्रवासाच्या तारखेच्या जवळचा असावा लागतो, म्हणून महिनाभर आधीच भरून ठेवू नये.

३. विशेष मदत लागणाऱ्या प्रवाशांनी किमान ४८ तास आधी कळवावं, असं भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. व्हीलचेअरची मागणीही त्याच वेळी नोंदवावी. चालता येत असलं तरी विमानतळावरची अंतरं लांब असतात, व्हीलचेअर मागण्यात संकोच नको.

४. सोबत ठेवायची कागदं: डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, ज्यात आजार, मशीनचं सेटिंग आणि "विमानप्रवासास योग्य" असा उल्लेख असेल, तसंच मेडिफ, कंपनीची ईमेल परवानगी आणि मशीनचं माहितीपत्रक. प्रत्येकाच्या दोन प्रती.

५. सुरक्षा तपासणीत मशीन पाहिलं जातं. ऑक्सिजन थोडा वेळही बंद करता येत नसेल तर जवानाला आधीच सांगावं.

६. आपत्कालीन दरवाजाजवळची जागा मिळत नाही. मशीन पुढच्या सीटखाली ठेवायचं असतं आणि नळी येण्या-जाण्याच्या वाटेत येऊ द्यायची नसते. त्यामुळे खिडकीजवळची जागा सोयीची.

आणखी एक गैरसमज: विमानात वरून खाली येणारे मास्क अशा रुग्णांसाठी नसतात. केबिनचा दाब अचानक गेला तर विमान खाली आणेपर्यंत, म्हणजे साधारण १२ ते १५ मिनिटं पुरेल एवढीच ती सोय असते.

बॅटरीचं गणित

अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांत कंपनी उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के वेळ पुरेल इतक्या बॅटऱ्या मागू शकते. मुंबईहून न्यूयॉर्कचं थेट विमान १६ तासांचं धरलं तर २४ तासांची बॅटरी हवी. एक बॅटरी ८ तास चालत असेल तर तीन लागतील. सीटजवळ प्लग असला तरी तो चालेलच याची खात्री नसते, म्हणून तो हिशोबात धरायचा नाही.

लिथियम बॅटरीचे नियम वेगळे आहेत. जादा बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत हवी आणि तिची टोकं उघडी नकोत. बॅटरीवर 'वॉट-अवर' लिहिलेलं असतं. १०० पर्यंत सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० च्या दरम्यान असेल तर कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच जादा बॅटऱ्या नेता येतात. दीडपट बॅटरी हवी आणि बॅटऱ्यांच्या संख्येवर मर्यादाही, असा पेच लांबच्या प्रवासात येऊ शकतो. मशीन निवडतानाच याचा विचार करावा.

आता धावड्याहून मुंबईचा हिशोब. उड्डाण साधारण एका तासाचं, म्हणजे दीड तासाची बॅटरी पुरेल असं वाटतं. पण विमानतळापर्यंतचा रस्ता अडीच तास, विमानतळावर दोन तास, उड्डाण आणि उतरणं दीड तास, मुंबईच्या वाहतुकीत आणखी एक तास धरला तर सात तास होतात. दीडपट केलं की साडेदहा. विमान उशिरा आलं तर त्याहून जास्त. गाडीत चार्ज करणारी वायर सोबत असेल तर रस्त्यात बॅटरी वाचते. निघण्याच्या आदल्या रात्री वीज गेली तर काय, याचीही तयारी हवी. चार्जिंग दुपारपर्यंतच पूर्ण करून ठेवावं.

घरी मशीनवर असणाऱ्यांनी तर एक सिलिंडर कायम भरलेला ठेवावा. मध्यम आकाराच्या 'बी टाइप' सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला २ लिटरने तो सुमारे साडेबारा तास जातो. भारनियमनाच्या किंवा वादळाच्या रात्री हाच आधार.

विमानात बसल्यावर

- विमान सुटण्याआधीच मशीन सुरू करून पातळी पाहावी. उंचीवर गेल्यावर पुन्हा पाहावी.
- इनहेलर आणि रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवावीत.
- पाणी थोडं थोडं पीत राहावं.
- शौचालयापर्यंत जातानाही मशीन सोबत न्यावं. बसल्या जागी ऑक्सिजन पुरतो, पण उठून चार पावलं टाकली की तो पटकन उतरतो.
- लांबच्या प्रवासात दर तासाला पायाचे घोटे फिरवावेत, टाचा उचलाव्यात. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.
- ओठ निळसर होणं, गोंधळल्यासारखं बोलणं, छातीत दुखणं असं काही झालं तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगावं. "उतरल्यावर बघू" असं करू नये.

विमान झेपलं म्हणून केदारनाथ झेपेल?

नाही. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे आणि लेह साधारण ३,५०० मीटरवर. म्हणजे विमानाच्या केबिनपेक्षाही हवा विरळ. शिवाय विमानातून दोन तासांत खाली येता येतं, तिथे मुक्काम करावा लागतो. हेलिकॉप्टरने गेलं तरी उंची तीच राहते. ऑक्सिजनवर असलेल्यांनी अशा यात्रेचा विचार डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय करू नये.

ज्यांना विमान नको त्यांच्यासाठी रेल्वेचा पर्याय आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर रेल्वेत वैद्यकीय ऑक्सिजन सिलिंडर नेता येतो. उंचीचा प्रश्न नसल्यामुळे अनेकांना हा मार्ग सोपा पडतो. डब्यातल्या प्लगवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये.

प्रवासाची खरी तयारी: रोजचं चालणं

दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंना तेच काम करायला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून दम आणखी लागतो. हे चक्र तोडण्यासाठी 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन' नावाचा व्यायामाचा कार्यक्रम असतो. त्याने फुप्फुसं नवी होत नाहीत, पण चालण्याची ताकद वाढते आणि दम कमी जाणवतो.

जवळ असं केंद्र नसेल तर डॉक्टरांना विचारून घरी सुरुवात करता येते.

- चालणं: सुरुवातीला अंगणात किंवा ओसरीवर दोन-तीन मिनिटं, मग विश्रांती, मग पुन्हा. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवावीत. चालताना छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दही फुटत नसेल तर थांबावं.
- उठ-बस: खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि बसणं, पाच ते दहा वेळा. विमानातल्या सीटवरून उठायला हीच ताकद लागते.
- फुंकर: नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा, चार आकडे मोजत सोडावा. पायरी चढताना, वाकून उठताना याचा उपयोग होतो.
- मशीन कुठे? दोन-अडीच किलोचं ओझं खांद्यावर असलं तरी दम वाढतो. सपाट जागी चाकांची ट्रॉली बरी, खडबडीत रस्त्यावर पाठीवरची बॅग बरी.
- थांबण्याची खूण: डॉक्टरांनी ठरवलेल्या पातळीच्या खाली आकडा गेला, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर व्यायाम बंद.

चालण्याची वेळ गावाप्रमाणे ठरवावी. मका-सोयाबीन मळणीच्या दिवसांत धूळ उडते, कपाशीवर फवारणी सुरू असते. भोकरदन तालुका मिरचीसाठी ओळखला जातो, आणि निरोगी माणसालाही ठसका लावणारी वाळत घातलेली मिरची अशा रुग्णाचा श्वास कोंडू शकते. या दिवसांत घरात किंवा गच्चीवर चालणं बरं. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेण्याबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

ऑक्सिजन आणि आग

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जे पेटतं त्याला तो भडकवतो. नाकात नळी असताना बिडी पेटवल्याने चेहरा भाजल्याच्या घटना घडतात. चूल, गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती यांपासून किमान ३ मीटर, म्हणजे दहा फूट अंतर ठेवावं. आरतीचं ताट अशा माणसाच्या जवळ नेऊ नये. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीनसारखं तेलकट काही लावू नये. पाण्यावर आधारित जेल मिळतं, ते वापरावं.

निघण्याआधी शेवटची तालीम

प्रवासाच्या आठवडाभर आधी एक दिवस तालमीसाठी ठेवावा. सकाळी घरचं मोठं मशीन बंद करून पोर्टेबल मशीन लावावं. त्यावर जेवावं, गाडीत बसून भोकरदनच्या बाजारापर्यंत जाऊन यावं, दुपारची डुलकी घ्यावी, अंगणात चालावं. दर तासाला पातळी आणि बॅटरीचा आकडा वहीत लिहावा. घरातलं कुणी तरी दिवसभर सोबत असावं.

संध्याकाळी ती वही पाहिली की बॅटरी सांगितल्याइतकी चालली का, झोपेत आकडा घसरला का, पायऱ्या चढताना किती वेळ थांबावं लागलं, हे सगळं कळतं. त्या दिवशी काही बिघडलं तर मोठं मशीन घरातच असतं. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि जायचं की नाही हे मग ठरवावं.

*ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असते आणि विमान कंपन्यांचे नियम बदलतात. निर्णय छातीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*